चौथीचा पट एक

१६ जून

चि. खडूस, अनेक आशीर्वाद.

हे ‘खडूला’ या अर्थी वाचायचं की सरळ खडूस असं, ते तुझं तू ठरव. वर्गातले खडू खाऊन ओठ पांढरे करणाऱ्या भावाचं नाव मी खडू ठेवलं, त्याला सदतीस वर्षं झाली. पण मार्चपासून ज्याचं दोन ओळींचं पत्र नाही त्याला दुसरा अर्थही शोभून दिसतो. फोनचं म्हणशील तर इथे रेंज अजूनही पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय येत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणारी बाई टाकीवर चढून ‘हॅलो, हॅलो’ करताना बरी दिसत नाही.

शाळा काल उघडली. शिपाईमामांनी दोन्ही खोल्या धुतल्या, घंटेतलं गांधीलमाश्यांचं पोळं काढलं आणि स्वतःचा कान सुजवून घेतला. आपण राहायचो ती मागची खोलीही उघडली. तू जिथे झोपायचास तिथे आता नकाशे, तराजू आणि एक पोचा आलेला पृथ्वीगोल आहे. भिंतीवर तू काढलेलं जहाज मामांनी दर वेळी चुना देताना सोडून दिलंय. मी कधी सांगितलं नव्हतं, हं.

उंबऱ्यात उभी राहिले आणि नोकरीचा पहिला दिवस आठवला. आई दवाखान्यात होती म्हणून सहा वर्षांच्या तुला बरोबर घेऊन आले. घरून निघताना दहा वेळा बजावलं, “शाळेत मला बाई म्हणायचं.” आणि तू भर वर्गात ओरडलास, “अक्का, नाडी सुटली!” चौसष्ट पोरांसमोर मी नाडी बांधून दिली. तेव्हापासून सगळं गाव मला अक्काबाई म्हणतं.

चौसष्ट, खडू. काल हजेरी घेतली तर सतरा. पहिलीत पाच, दुसरीत सहा, तिसरीत पाच आणि चौथीत एक. हजेरी संपली तरी माझा पेन उघडाच होता.

फाट्यावरच्या शाळेचे हेडसर बाजारात भेटले. म्हणाले, लहान शाळा बंद करायची यादी निघते आहे. पुलाजवळची शाळा गेली ती तुला माहीत आहे, तिच्यात आता सिमेंटच्या गोण्या ठेवतात. तू त्याच कार्यालयात बसतोस. काय ते खरं कळव. गोड करून लिहू नकोस, मला तुझं गोड ओळखू येतं.

तुझी,
अक्का


२८ जून

ती. अक्कास,

उशीर झाला म्हणून आधीच दोन्ही कान धरले आहेत. वर्षाच्या सुरुवातीला कार्यालयात श्वास घ्यायला फुरसत नसते. सात शाळांचे पट, पुस्तकं, बदल्या, सगळ्यांची कागदपत्रं माझ्याच टेबलावर येतात. टेबल माझं खिडकीजवळ आहे एवढंच सुख. खिडकीतून पाण्याचा टँकर भरताना दिसतो.

यादीचं म्हणशील तर तशा याद्या दर वर्षी होतात आणि कपाटात जातात. नियम असा आहे, की पट विसाच्या खाली आणि तीन किलोमीटरच्या आत दुसरी मोठी शाळा असेल, तर मुलं तिकडे पाठवायची. पण नियम असणं वेगळं आणि तो लागू होणं वेगळं. आमच्या बाई, म्हणजे साहेब, विचारी आहेत. तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझं शेवटचं वर्ष आहे, मजेत काढ.

नाडीची गोष्ट तू गेल्या पत्रातही लिहिली होतीस आणि माझ्या लग्नातही सांगितली होतीस. सासरच्या मंडळींनी अजून ती सोडलेली नाही.

जहाज अजून आहे हे वाचून मात्र मी पत्र खाली ठेवलं. ती खोली किती लहान होती गं? आता आठवते तेव्हा मोठी वाटते. तुझ्या वह्या तपासायच्या कंदिलाच्या उजेडात मी शाईची रिकामी बाटली घेऊन खेळायचो, आणि तू एका हाताने बरोबरच्या खुणा करत दुसऱ्या हाताने मला थोपटायचीस. एकदा झोपेतच माझ्या पाठीवर बरोबरची खूण केलीस.

हिचा गुडघा दुखतो आहे. बाकी ठीक.

तुझा,
खडू


१२ जुलै

चि. खडूस, अनेक आशीर्वाद.

या वेळी ‘खडूला’ असंच वाच, कारण तू नकळत कामाचं लिहिलंस. वीस! एवढंच ना? मग वीस करते, म्हटलं.

गेले दोन रविवार दारोदार फिरले. मला येताना पाहून लोक ओट्यावरून म्हणायचे, “आला अक्काबाईचा फेरा!” म्हटलं, येऊ दे, कधी नाही तो चांगल्यासाठी आलाय. खडी फोडणाऱ्यांच्या तळावर दोन बहिणी सापडल्या, सहा आणि आठ वर्षांच्या. त्यांची आई म्हणाली, “बाई, आमचं बिऱ्हाड पाठीवर. कामं संपली की आम्ही निघालो.” मी म्हटलं, कामं संपेपर्यंत तरी पाटी हातात असू दे. धाकटीला पहिलीत आणि थोरलीला तिसरीत बसवलं. तिसरं पाखरू पलीकडच्या वस्तीवरचं. त्याच्या आजोबांना मीच शिकवलं होतं असं ते सांगत होते. हिशेब करून पाहिला, शक्य नाही. पण नातू मिळत असेल तर मी त्यांच्या पणजोबांनासुद्धा शिकवलं असेल.

तर पट वीस! मामांनी फळ्यावर एवढे मोठे वीस काढले आणि खाली रांगोळीसारखी नक्षी केली. पायांतल्या चपलेचा अंगठा तुटला तो निराळा.

चौथीतल्या मुलीचं तुला सांगायचं राहिलं. टेलरची धाकटी. अंगानं इतकी बारीक, की तिला सगळे टाचणी म्हणतात. तिच्याबरोबरच्या दोघी गेल्या वर्षी आई-बापांबरोबर शहरात गेल्या, आणि चौथीत ही एकटी उरली. आमची थट्टा चालते. मी म्हणते, “काय टाचणे, वर्गात कितवी आलीस?” ती म्हणते, “पहिली. आणि शेवटची.” मोठी हुशार. तिसरीच्या पोरांची गणितं तीच तपासते. बाकावर आपल्या शेजारी दप्तर ठेवते आणि त्याला नीट टेकवून बसवते. राणीसारखी ऐसपैस बसते नुसती. एवढं लक्ष एका मुलीला मिळतं कुठे? मोठ्या शाळेत मिळालं असतं?

वीस झाल्याचं तुमच्या बाईंच्या कानावर घाल. वहिनीला म्हणावं गुडघ्याला शेक दे.

तुझी,
अक्का


२ ऑगस्ट

ती. अक्कास,

वीस झाल्याचं वाचलं. तू कमाल आहेस.

एक विचारायचं होतं. आपल्या शाळेपासून फाट्यावरची शाळा नक्की किती लांब आहे? आमच्या जुन्या नकाशात दोन किलोमीटर आठशे मीटर लिहिलंय. ते बरोबर आहे का? मुलं कोणत्या वाटेनं जातील? मध्ये ओढा आहे ना अजून? जरा सविस्तर कळव. सहजच विचारतोय.

कामाची गडबड आहे म्हणून थोडक्यात आवरतो.

खडू


१२ ऑगस्ट

चि. खडू, आशीर्वाद.

तुझं पत्र इतकं आखूड, की पाकीट उलटं करून झटकलं. अजून काही पडतंय का ते पाहिलं. प्रकृती बरी आहे ना? का वहिनीचा गुडघा जास्त झालाय? काही लपवत असशील तर लपवू नकोस. तू लहानपणीही ताप आला की असाच आखूड बोलायचास.

अंतर विचारलंस. ओढ्यातून गेलं तर तुमच्या नकाशातलं बरोबर असेल, पण नकाशा काढणारा उन्हाळ्यात आला असणार. आत्ता ओढ्याला मोठ्या माणसाच्या मांडीएवढं पाणी आहे आणि दगडांवर शेवाळ. गाडीरस्त्यानं जायचं तर पुलाला वळसा. दूधवाल्याच्या गाडीच्या काट्यावर मी मुद्दाम पाहिलं, चार किलोमीटर आणि वर थोडं. तू आमच्यासाठी खटपट करतो आहेस हे कळलं बरं. आपला माणूस कार्यालयात असला की असा उपयोग होतो.

दूधवाल्याच्या गाडीत बसायचं कारण म्हणजे सातही शाळांच्या खेळांच्या स्पर्धा फाट्यावर होत्या. वीसच्या वीस मुलं नेली. काय ती शाळा! वरपर्यंत जाळी लावलेलं मैदान, हात धुवायला ओळीनं बारा नळ. आमची पोरं नळच सोडू-बंद करत बसली. एकही बक्षीस मिळालं नाही, पण लिंबू-चमच्यात मामांनी मोठ्यांमधून दुसरा नंबर काढला.

टाचणीनं मात्र मला त्रास दिला. चौथीच्या मुली मैदानाच्या कडेला गोल करून टाळ्यांचा काहीतरी खेळ खेळत होत्या. त्यांत ही जी शिरली ती निघेचना. निघायच्या वेळी मी तीन हाका मारल्या, चौथ्या हाकेला आली, आणि गाडीत तोंड फिरवून घरापर्यंत रडली. मी म्हटलं, गाडी लागली असेल. आलं चघळायला दिलं.

तब्येतीचं खरं खरं कळव.

अक्का


३ सप्टेंबर

ती. अक्कास,

तब्येत बरी आहे. हिचा गुडघाही उतरला. आजारी कुणी नाही. तू पत्रात दोनदा माझ्या तब्येतीची चौकशी केलीस आणि मला जास्त लाज वाटली.

यादी माझ्या हातची आहे, अक्का.

मेच्या अखेरीस बाईंनी सांगितलं, सातही शाळांचे पट मांडा, अंतरं मांडा, नियमात बसतील त्या शाळा खाली उतरवा. मी मांडले. खाली चार नावं उतरली, चौथं आपल्या शाळेचं. त्या दिवशी मी पेन ठेवून खाली चहाला गेलो. परत आलो, तरी पट सतराच होता. मग लिहिलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा यादीवर सही होऊन गेली होती. मी तुला लिहिलं, याद्या कपाटात जातात. ही गेली नव्हती.

आणि वीसचं सांगायचं राहिलं, तेच सगळ्यात कठीण आहे. नव्या वर्षाचा पट मार्चअखेरपर्यंत नाव नोंदलेल्या मुलांचाच धरतात. तू जुलैत आणलेली तीन मुलं त्यात मोजली जात नाहीत. हे मला तेव्हाच माहीत होतं. तू चपला तोडत फिरत होतीस आणि मी ‘तू कमाल आहेस’ असं लिहिलं.

दुसऱ्या कुणाच्या हाती हे काम असतं तर त्यानंही हेच लिहिलं असतं, असं मी स्वतःला रोज समजावतो. पण दुसरा कुणी त्या खोलीत वाढला नव्हता.

एकच फट आहे, अंतराची. ओढ्याची वाट ही वाटच नव्हे आणि रस्त्यानं अंतर चारच्या वर आहे, असं टिपण मी बाईंकडे ठेवलंय. आधी चूक कशी झाली ते त्या विचारतील. माझ्यामुळे झाली, असं त्यात लिहिलंय.

रागव, पण गप्प बसू नकोस.

खडू


जावक क्र. ४३
दि. १८ सप्टेंबर

प्रति,
यादी करणारे लिपिक, शिक्षण कार्यालय

विषय : आपले दि. ३ सप्टेंबरचे पत्र

महोदय,
आपले पत्र मिळाले. वाचले. सदर शाळेच्या मुख्याध्यापिकेला सध्या अधिक काही कळवावयाचे नाही.

मुख्याध्यापिका

ता. क. वहिनीने जिना चढू नये.


९ ऑक्टोबर

ती. अक्कास,

‘महोदय’ मी तीनदा वाचलं. मी त्याच लायकीचा होतो. ता. क. हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “राग पन्नास टक्के उतरलाय, उरलेला तुम्ही उतरवा.”

म्हणून हे पत्र धावत लिहितोय. काल बाई स्वतः गाडी घेऊन पुलाच्या रस्त्यानं गेल्या आणि अंतर मोजून आल्या. चार किलोमीटर शंभर मीटर. परत आल्यावर मला समोर उभं केलं, चांगलं सुनावलं, ते इथे लिहीत नाही. मग आपल्या शाळेचं नाव यादीतून खोडलं. अक्का, शाळा वाचली! हुकूम सोबत जोडलाय, त्यावर शिक्का आहे, नीट बघ.

आता ‘चि. खडूस’ लिहिशील ना? कोणत्याही अर्थानं चालेल.

खडू


१० ऑक्टोबर

खडू,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो शेवटी आला तर येईल. बसून सगळं सांगते.

परवा सकाळी हजेरीत टाचणी नव्हती. ती कधी चुकत नाही. म्हटलं, ताप असेल. दुपारच्या सुट्टीत मामांना टेलरच्या दुकानात पाठवलं. टेलर मशीनवरून उठून तसाच धावत आला, गळ्यात मोजायची टेप. “बाई, ती तर सकाळीच शाळेत म्हणून निघाली!”

पुढचा एक तास कसा गेला ते लिहिता येत नाही. मामा विहिरीकडे गेले. टेलर ओढ्याकडे. मी एकोणीस पोरांना वर्गात बसवून दारात उभी होते आणि मला ओढ्यावरचं ते शेवाळ दिसत होतं, जे मी तुला इतक्या ऐटीत लिहिलं होतं.

तीनच्या सुमारास फाट्याच्या शाळेचे हेडसर सायकलवरून आले. पुढच्या दांडीवर टाचणी. फ्रॉक कमरेपर्यंत भिजून वाळलेला, गुडघ्याला खरचटलेलं. एकटी ओढ्यातून गेली, खडू. तिथे चौथीच्या वर्गात मधल्या बाकावर जाऊन बसली. कोणी तरी मुलगी गैरहजर होती. तिचं नाव पुकारल्यावर ही “हजर” म्हणाली. दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलींच्या आलं होतं, पण त्यांनी सांगितलं नाही.

टेलरनं हात उगारला, तो मी धरला. म्हटलं, मला बोलू दे. दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर आम्ही दोघी बसलो.

मी विचारलं, “मी रागावते का तुला?”

“नाही.”

“मग का गेलीस? आपली शाळा आवडत नाही?”

“आवडते.”

“मग?”

गठ्ठ्यातला एक धागा ओढत म्हणाली, “बाई, तिथे मला एक गणित आलं नाही. मग शेजारचीला पण आलं नाही. मग आम्ही दोघी हसलो.”

एवढंच.

मग मी घरी येऊन या वर्षीची माझीच पत्रं आठवत बसले. दप्तर शेजारी टेकवून बसते, असं मी तुला लिहिलं. राणीसारखी, म्हणून लिहिलं. गाडीत रडली तर आलं दिलं! सदतीस वर्षं मुलांची तोंडं वाचते आहे म्हणून मिरवते, आणि समोरच्या एका बाकावरचं मला वाचता आलं नाही. मला वीस आकडा दिसत होता, रे. तुला सतरा दिसला, मला वीस. तुझ्यावर मी कोणत्या तोंडानं रागावू?

शाळा मला हवी होती. ती खोली, ते जहाज, फळ्यावरचं माझं अक्षर. यात मुलं कुठे होती, ते मी बघितलं नाही.

तेव्हा आता ते टिपण मागे घे. भांडू नकोस. त्याऐवजी मुलांना न्यायला गाडी कशी मिळेल ते बघ. ओढ्यातून पुन्हा एकही पाय जाता कामा नये.

वहिनीला नमस्कार सांग. आणि अनेक आशीर्वाद, खडू. आले शेवटी.

अक्का


१७ ऑक्टोबर

ती. अक्कास,

माझं पत्र आणि तुझं पत्र रस्त्यात कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली. मी शाळा वाचली म्हणून नाचत होतो, तेव्हा तू लिहीत होतीस की वाचवू नकोस. तुझं पत्र कार्यालयात उघडलं आणि खिडकीकडे तोंड करून बसलो. बाई मागून म्हणाल्या, “घरी सगळं बरं आहे ना?” मी त्यांना टाचणीचं सांगितलं. त्या उभ्याच होत्या, खुर्ची ओढून बसल्या.

आता खरी गोष्ट अशी. हुकूम निघालाय, तो मला फिरवता येणार नाही आणि बाई फिरवणार नाहीत. या वर्षी शाळा चालू राहणार. पण पालकांनी दाखला मागितला तर तू तो देऊ शकतेस. तिसरी-चौथीची मुलं सुट्टीनंतर फाट्यावर जाऊ शकतात. गाडीचंही जमतं. तीन किलोमीटरपेक्षा लांबून येणाऱ्या मुलांना गाडी देता येते, आणि अंतर चारच्या वर असल्याचं बाईंनी स्वतः मोजून लिहिलेलं आहे. पण एक नीट समजून घे. ती सात मुलं गेली की तुझ्याकडे तेरा उरतील. पुढच्या मार्चला पट तेरा लागेल. मग कुठलं अंतर, कुठलं टिपण, काही कामाला येणार नाही. एवढ्या लहान पटाला अंतराची सवलतही नाही. शाळा बंद होईल, आणि ती तुझ्याच सहीनं झालेली असेल.

तू काहीही ठरव. मी सांगणार नाही.

फक्त एक आठवलं म्हणून लिहितो. चौथीत तू आम्हाला काय शिकवलंस ते मला एक अक्षर आठवत नाही. रागावू नकोस. पण माझ्या शेजारी कुंभाराचा मुलगा बसायचा, त्याच्या अंगाला ओल्या मातीचा वास यायचा, आणि बाकाच्या मध्ये आम्ही खडूनं सीमा आखली होती, ती रोज कुणीतरी पुसायचं. ते सगळं आठवतं.

तुझा,
खडू


२१ नोव्हेंबर

चि. खडूस, अनेक आशीर्वाद.

‘खडूला’.

गेल्या महिन्यात शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या पालकांना बोलावलं. आधी तुझा हुकूम वाचून दाखवला. टाळ्या झाल्या, मामांनी घंटा बडवली. मग मी म्हटलं, “आता माझं ऐका,” आणि सात मुलांचं सांगितलं. दूधवाला म्हणाला, “अक्काबाई, तुम्हीच दारोदार फिरलात ना? आता तुम्हीच घर मोडता?” म्हातारे एक जण काठी आपटून म्हणाले, “शाळा गेली की गावात राहिलं काय? दोन दुकानं आणि एक टाकी.” ते खरंच आहे. मी म्हटलं, “तुमचं बरोबर आहे, आणि तरीही मी हेच म्हणणार.”

तेव्हा टेलर उठला. तो कधी चारचौघांत बोलत नाही. म्हणाला, “माझी पोरगी ओढ्यातून गेली. तुमच्यापैकी कुणाची गेली असती तर?” आणि खाली बसला. खडीच्या तळावरची ती आई सगळ्यांत मागे उभी होती. तिनं विचारलं, “गाडी आमच्या तळावर थांबेल का?” मी म्हटलं, थांबेल. ती म्हणाली, “मग माझी थोरली आधी लिहा.”

दाखले मी एका दुपारी लिहिले. सात. इतकी वर्षं लिहिते आहे, पण त्या दिवशी प्रत्येक नाव दोनदा तपासलं. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहावं सुचेना. मामा म्हणाले, “सोबत हवी, असं लिहा.” तसं लिहिता येत नाही. ‘पालकांची विनंती’ असं लिहिलं. सही केल्यावर मामा बाहेर गेले आणि कोरडं अंगण पुन्हा झाडून काढलं.

काल गाडी पहिल्यांदा आली. लहान आहे, निळी, दार जोरात ओढावं लागतं. मी पहिल्या दिवशी बरोबर गेले. मुलांना त्यांच्या वर्गांत सोडलं आणि निघायच्या ऐवजी चौथीच्या खिडकीशी उभी राहिले. टाचणीला बाकावर नीट जागासुद्धा मिळाली नव्हती. तिघींच्या बाकावर ही चौथी, अर्धी बाहेर, एक पाय जमिनीला टेकवून तोल सावरत होती. बाई फळ्यावर लिहीत होत्या. इकडे कुजबुज सुरू. एकीनं काहीतरी सांगितलं, टाचणीनं तोंडावर हात ठेवला, तरी हसू फुटलंच. बाई गर्रकन वळल्या. “कोण बोलतंय तिकडे? नवीन मुलगी! पहिल्याच दिवशी? उभी राहा!”

टाचणी उभी राहिली. मान खाली. आणि खडू, काय सांगू, ती उभी राहिली तशा बाकावरच्या बाकीच्या तिघीही उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. चौघी ओळीनं माना खाली घालून उभ्या, आणि चौघींचे खांदे हसण्यानं हलत होते.

मी तिथून बाजूला झाले. डोळे पुसायला रुमाल काढला, तो खडूनं माखलेला निघाला. सगळं तोंड पांढरं झालं असणार, कारण गाडीवाला माझ्याकडे बघून आधी हसला आणि मग हसू आवरून त्यानं दार ओढून धरलं.

रिकामी गाडी वळवून त्यानं विचारलं, “बाई, घरी सोडू का?”

“घरी कसली?” मी म्हटलं. “शाळेत चल. तेरा जणं खोळंबलीत.”

तुझी,
अक्का